सारखंबिरखं

"तोंडानं सांगू नको, बोटानं दाखव," शरच्चंद्र म्हणाले.

देवश्रीने आपला पत्ता सतरंजीवर टेकवला. त्यावर एका मासिकातून कापलेली बाजरीची भाकरी होती, वरून तीळ लावलेली. शेजारी आधीपासून पडलेल्या पत्त्यावर काश्मीरचा काळाभोर डोंगर होता आणि त्यावर बर्फ भुरभुरत होता. देवश्रीने भाकरीवरून बोट फिरवलं, मग डोंगरावरून. "देखो बाबा, सफेद दाने. वर दाट, खाली विरळ. दोनों में."

"हव," शरच्चंद्र म्हणाले.

आता गोदूने हव म्हटलं की देवश्रीचा डाव लागणार होता. पण गोदू त्या दोन पत्त्यांकडे नुसती बघत राहिली. वर दाट, खाली विरळ. असलं चित्र तिने शुक्रवारीच पाहिलं होतं, आणि ते कुठल्या कॅलेंडरवर नव्हतं.

"आई, हव बोल ना."

"हव," गोदू म्हणाली आणि उठून पाणी प्यायला गेली.

हा खेळ त्यांच्या तात्यापाऱ्यातल्या घरात अठरा वर्षांपासून चालू होता. देवश्री सहा वर्षांची असताना तिला कांजिण्या निघाल्या, तेव्हा तिला अंथरुणात गुंतवून ठेवायला शरच्चंद्रांनी जुनी कॅलेंडरं, काडेपेट्या, बियाण्यांची पाकिटं कापली आणि शर्टाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली. खेळाला नाव देवश्रीनेच दिलं, सारखंबिरखं. नियम एकच. वस्तू कशाची आहे, कुठे लागते, त्याचा काही संबंध नाही. डोळ्याला जे सारखं दिसतं तेवढंच मोजायचं, आणि बाकीच्यांनी हव म्हटल्याशिवाय जोडी लागत नाही. चंद्र आणि पोळी ही जोडी पहिल्या दिवशी चालली, नंतर तिला कोणी विचारेना. आता देवश्री तेलीबांध्याच्या एका ऑफिसात नोकरीला जात होती, शरच्चंद्र रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते, पत्ते दोनशेच्या वर गेले होते, तरी रविवारची दुपार या खेळाचीच.

गोदू, म्हणजे गोदावरी देशकर, भनपुरीच्या एका लहानशा ट्रस्टच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. एकोणतीस वर्षं तेच काम. हनुवटी इथे टेका, खांदे पुढे, साँस लो, रोको, छोड़ो. पहिल्याच वर्षी तिने एका फिल्मवर बरगडीची चीर दाखवली होती, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हसून सांगितलं होतं की फोटो काढणं तिचं काम, वाचणं त्यांचं. तेव्हापासून ती वाचत नव्हती. निदान बोलत तरी नव्हती. डोळे मात्र रविवारच्या खेळात तयार झालेले. त्यांना बंद करता येत नव्हतं.

शुक्रवारी आलेल्या माणसाचं नाव बिसाहू. वय चौतीस, चण दहा वर्षांच्या पोराएवढी. उरला या कारखान्यांच्या वसाहतीत दगडाची भुकटी करणाऱ्या एका कारखान्यात तो पोती भरायचा. त्याच्या दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ठिपके होते, वर दाट, खाली विरळ. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी टी.बी. लिहून गोळ्या चालू केल्या. असल्या छातीची पहिली फिल्म गोदूने दोन वर्षांपूर्वी काढली होती, शालिग्राम नावाच्या माणसाची. तोही त्याच कारखान्यातला. त्यालाही टी.बी.च्या गोळ्या. तीन वेळा तो आला आणि तिन्ही वेळा ठिपके वाढलेले होते. गोदूने तिन्ही वेळा ते पाहिलं आणि फिल्म पाकिटात घालून त्याच्या हातात दिली. गेल्या दिवाळीच्या आधी तो गेला.

मंगळवारी बिसाहू गोळ्या न्यायला आला, तेव्हा तिने त्याला बाजूला घेऊन विचारलं की तुझ्या वस्तीत असे आणखी कोणी खोकणारे आहेत का. बिसाहूने दम घेतला. "हमर पारा म अउ हें दीदी," तो म्हणाला. "जम्मो झन उही कारखाना के."

वस्तीत आणखीही होते, आणि सगळे त्याच कारखान्यातले. पुढच्या रविवारी पत्त्यांचा डबा फळीवरच राहिला आणि शरच्चंद्रांनी तिला स्कूटरवर उरल्याच्या मागच्या वस्तीत नेलं. एक्स-रे काढला की फिल्म रोगी घरी नेतो. दवाखान्यात ती राहत नाही. त्यामुळे गोदू दारोदार गेली. कोणी गादीखालून फिल्म काढून दिली, कोणी तांदळाच्या पिंपामागून. एका घरात ती फुटक्या काचेच्या जागी खिडकीला लावलेली होती आणि तिच्यातून निळसर उजेड चुलीवर पडत होता. शालिग्रामच्या घरी त्याच्या बायकोने, कमलाने, फिल्म लुगड्याच्या घडीतून काढली. परत आणून द्याल ना, एवढंच तिने विचारलं. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता.

बिसाहूची आणि शालिग्रामची धरून अशा नऊ झाल्या. पण गोदूला स्वतःचाच भरवसा वाटेना. आपल्याला एक गोष्ट दिसायला हवी आहे म्हणून तर ती दिसत नाही ना? तिने दवाखान्यातल्या, वर्षानुवर्षं कोणी न नेलेल्या पाच फिल्म आणल्या. दोन खऱ्या टी.बी.च्या, बाकी न्यूमोनियाच्या. चौदाही फिल्मवरच्या नावांवर तिने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, त्या पिसल्या आणि शरच्चंद्रांना पूर्वेच्या खिडकीपाशी बोलावलं.

"हे काय आणलं तू?"

"सारखंबिरखं," ती म्हणाली. "एकासारखे एक वेगळे काढा. मले काही विचारू नका."

शरच्चंद्रांनी चष्मा पुसला आणि एकेक फिल्म काचेवर धरून बघायला सुरुवात केली. अर्धा तास लागला. काही त्यांनी तीन-तीनदा मागे घेतल्या. शेवटी दोन ढीग झाले. त्यांना बाहेर पाठवून गोदूने फिल्म पुन्हा पिसल्या आणि देवश्रीला बोलावलं. तिला दहा मिनिटं पुरली.

दोघांचेही नऊ होते. तेच नऊ.

गोदूने पट्ट्या सोलायला घेतल्या. बिसाहू. शालिग्राम. पुढची, त्याच्या पुढची. उरलेल्या देवश्रीने सोलल्या. नऊही त्याच कारखान्यातले.

"मले छातीतलं काही समजत नाही," शरच्चंद्र म्हणाले. "पण हे नऊही जण एका घरचे दिसतात."

देवश्री अजून खिडकीपाशीच होती. नऊतल्या तीन फिल्म तिने वेगळ्या धरल्या आणि हृदयाच्या दोन्ही बाजूंच्या गाठींवर बोट ठेवलं. त्या गाठींना बारीक पांढरी कड होती. "और ये देखा क्या आई? जैसे अंडे का छिलका."

ते गोदूने पाहिलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत नाही.

सोमवारी ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. दर गुरुवारी ते त्या कारखान्यात कामगार तपासायला जात, हे तिला ठाऊक होतं. तरी आधी त्यांनाच सांगणं तिला रीतीचं वाटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रोग्यांच्या घरून फिल्म गोळा करणं कोणत्या नियमात बसतं ते विचारलं. तिचा करार दर वर्षीच्या मार्चमध्ये नवा होतो, याचीही आठवण दिली. शेवटी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, आप बटन दबाइए. बाकी हम देख लेंगे."

"उनतीस साल दबाया, सर," गोदू म्हणाली. "देखती भी थी."

संध्याकाळी भात उपसताना तिने हे घरी सांगितलं. शरच्चंद्र तिला जपून राहायला सांगतील असं तिला वाटत होतं, आणि त्यांनी तसं सांगितलं असतं तर तिला थोडं बरंही वाटलं असतं.

"मी छत्तीस वर्षं सिग्नल सांभाळले, गोदू," ते म्हणाले. "लाल दिसला अन् एक दिवस मी चूप बसलो असतो, तर तू मले या घरात घेतलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. सरकारी दवाखान्यात छातीचे रोग बघणाऱ्या डॉक्टर पूर्णिमा होत्या. तिथे रांग एवढी होती की गोदूचा नंबर यायला दीड वाजला. तिने नऊ फिल्म टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं की मी टेक्निशियन आहे, मला यातलं वाचता येत नाही, पण हे सारखे आहेत. डॉक्टर पूर्णिमांनी पहिली फिल्म दिव्यावर लावली, दुसरी लावली. तिसरीला त्यांनी बाहेरच्या रोग्यांना थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. कपाटातून त्यांनी नमुन्याच्या फिल्म काढल्या, छातीचा रोग ओळखायला जगभर शेजारी धरून बघतात त्या, आणि एकेक जवळ धरली.

दगडाची भुकटी, त्या म्हणाल्या. सिलिकोसिस. हिच्यावर टी.बी.च्या गोळ्यांचा काही उपयोग नाही, आणि ही भुकटी उडणं थांबलं नाही तर आणखी नऊ येतील.

"इन्हें अलग किसने किया?" त्यांनी विचारलं.

"घर के लोगों ने," गोदू म्हणाली. तिला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे केला. सगळं लिहून सही द्यावी लागेल, आणि या सहीची तुम्हाला काय किंमत मोजावी लागेल ते मला माहीत नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. गोदूने आपलं पूर्ण नाव लिहिलं, दवाखान्याचंही.

मार्चमध्ये करार नवा झाला नाही. शेवटच्या दिवशी तिने मशीन पुसलं आणि नव्या मुलीला शिकवलं की म्हाताऱ्या माणसाला हनुवटी टेकवताना मानेवर हात ठेवायचा नाही, खांद्यावर ठेवायचा. मोठे डॉक्टर त्या दिवशी आले नव्हते. चौथ्या दिवशी तिने वस्तीत जाऊन कमलाला फिल्म परत दिली आणि तिच्यासकट सगळ्यांचे भरपाईचे अर्ज भरायला बसली. त्यानंतर ती दर आठवड्याला जात राहिली. कारखान्याचा एक माणूस दोनदा वस्तीत येऊन सांगून गेला की ही बाई तुमचं काम घालवणार आहे. दोघांनी अर्ज मागे घेतले आणि आठ दिवसांनी पुन्हा दिले. त्यात दम लागल्याशिवाय त्यांना पोतं उचलता येत नव्हतं हे एक कारण होतं, आणि गोदू दारात बसून उठत नव्हती हे दुसरं.

ऑक्टोबरात तपासणीच्या बोर्डाचं बोलावणं आलं. तीन डॉक्टर बसणार होते, सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. आठ माणसं आणि कमला सकाळी दहाला खाली व्हरांड्यात पोहोचली. कमलाच्या हातात शालिग्रामची फिल्म पिशवीत होती. शरच्चंद्र स्कूटर लावून झाडाखाली थांबले.

वरून शिपायाने पहिलं नाव पुकारलं. बिसाहू उठला. चार पायऱ्या चढला आणि कठड्याला धरून खाली बसला. त्याचे ओठ जांभळे पडले होते. गोदू त्याच्याजवळ जाऊन बसली. शिपाई अर्ध्या जिन्यापर्यंत खाली आला आणि म्हणाला की साहेब लोकांना वेळ नाही, जो वर येणार नाही त्याच्यापुढे गैरहजर लिहिलं जाईल.

"त्यांना सांगा खाली या," गोदू म्हणाली.

शिपायाला ते ऐकू आलं नसावं असं वाटून तिने पुन्हा सांगितलं, हिंदीत. तो म्हणाला की असं कधी होत नाही.

गोदूने पर्समधून वही काढली, एक पान फाडलं आणि गुडघ्यावर धरून लिहिलं की खाली सही करणारे सर्वजण आज अकरा वाजून चाळीस मिनिटांनी याच इमारतीच्या तळमजल्यावर हजर आहेत. त्यांना जो आजार आहे की नाही हे बोर्डाला ठरवायचं आहे, त्या आजारामुळे त्यांना जिना चढता येत नाही. आठांनी सह्या, अंगठे केले. नवव्या जागी कमलाने नवऱ्याचं नाव लिहायला सांगितलं आणि त्याच्या पुढे आपला अंगठा उमटवला. शिपाई कागद घेऊन वर गेला.

बराच वेळ वरून काही आवाज आला नाही. खाली आठ जणांच्या श्वासाचाच आवाज होता. मग वर कुठेतरी खुर्ची सरकली. दुसरी सरकली. एक टेबल जिन्याच्या वळणावर भिंतीला घासलं, आणि ते कसं तिरकं धरायचं यावरून दोन माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं. टेबलामागून तीन डॉक्टर हळूहळू पायऱ्या उतरत होते, हातात फाइली घेऊन.

बिसाहूने शर्टाची बटणं लावली, गळ्यापर्यंत सगळी. मग कठड्याला धरून तो उभा राहायला लागला. त्याला वेळ लागला. गोदूने हात पुढे केला नाही, आणि टेबल मांडून झालं तरी त्याचं नाव दुसऱ्यांदा पुकारायची कोणी घाई केली नाही.