रुसलेल्या मिठाची वेबसाइट

ठण्ण!

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं, आणि पडून गप्प न बसता फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. मी श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. भिंगरीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. साडेचार वर्षांची माझी ही लेक जेवढी झोपते तेवढाच माझा दिवस.

दारातून माझे सासरे डोकावले. "मी नाही हं, झाकण पडलं," बाबा कुजबुजले आणि निघून गेले.

एरवी मी हसले असते. पण दहाच मिनिटांपूर्वी मी एक थाप मारून बसले होते. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाच्या संपादकबाईंचा फोन आला होता. नव्या पुस्तकासाठी त्यांना चित्रकार हवी होती, आणि माझं नाव कुणीतरी सुचवलं होतं.

"तुमची वेबसाइट असेलच ना?"

"आहे की!" मी म्हणाले. कुठून आला तो आवाज, देव जाणे.

"मग पाचपर्यंत लिंक पाठवा, आजच ठरवायचंय. आणि जुनं नको हं, गेल्या दोन-चार वर्षांतलं काम दाखवा."

भिंगरी झाल्यापासून पहिल्यांदाच काम आपल्या पायांनी दारात आलं होतं, आणि घड्याळात अडीच वाजले होते. मी धाकट्या बहिणीला फोन लावला. ती दुकानदारांना वेबसाइट बनवून देते.

"ताई, दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय!"

"ओरड नंतर. फुकटात होते का ते सांग."

"होते. तयार साचा मिळतो. नऊ चौकोन, नऊ चित्रं. फक्त वेबसाइटच्या पत्त्यात तुझ्या नावामागे कंपनीचं शेपूट लागेल. ते नको असेल तर दरवर्षी पैसे भर."

"असू दे शेपूट."

"मग पाठव नवीन काम."

"नवीन काम झोपलंय," मी पलंगाकडे बघत म्हणाले.

खोटं नव्हतं ते. पलंगाखालच्या पेटीत पूर्ण झालेली चित्रं होती ती सगळी लग्नाआधीची. नंतरची म्हणजे भिंगरीचं झोपेतलं पाऊल, एक कान, गुडघ्यामागची खळी. तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचेपोचेतो ती जागी व्हायची. चार वर्षांत मी एका मुलीचे इतके सुटे भाग काढले होते, पण अख्खी मुलगी एकदाही नाही.

"अगं, तो रुसका कुठे गेला?" आतून बाबांची हाक आली.

"खालच्या फळीवर, मिऱ्यांच्या मागे!" मी दबक्या आवाजात ओरडले.

"कोण रुसलंय तुमच्याकडे?" बहिणीने विचारलं.

"मीठ."

मग तिला सगळं सांगावं लागलं. बाबांनी चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, आणि आता त्यांना जवळची अक्षरं दिसत नाहीत. स्वयंपाकघरात चष्मा लावला की वाफेने धुरकटतो. डबे सगळे एकसारखे, पत्र्याचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी प्रत्येक डब्यावर एकेक रंगीत चित्र चिकटवलं. मीठ पाठ फिरवून रुसून बसलंय. साखर मान वेळावून फोटोला उभी आहे. पिठाला नुकतीच शिंक आलीय. मिऱ्या कमरेवर हात ठेवून भांडायला तयार. तांदळाची शाळेची रांग, त्यातला एक भलतीकडे बघतोय. रंगावरून आणि आकारावरून बाबांना लांबूनही कळतं.



"ताई, डबे किती आहेत?"

"अकरा."

"दोन वगळ. आणि तू चित्रकार आहेस की वेडी?"

फोटो काही केल्या जमेनात. चकचकीत पत्र्यात माझाच चेहरा यायचा, नाकाच्या जागी फोन. शेवटी चित्रं हलक्या हाताने सोडवली, खिडकीच्या उजेडात पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला भिंगरीचे ठोकळे ठेवले. सोडा आणि बिस्किटं मागे राहिली. मला उगाच अपराधी वाटलं.

चार वाजता नऊही चौकोन भरले. राहिलं 'माझ्याविषयी'. 'मला लहानपणापासून चित्रकलेची आवड' असं लिहिलं आणि पुसलं. 'एक उत्साही कलाकार' लिहिलं आणि लाज वाटून तेही पुसलं. तेवढ्यात भिंगरी उठली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली, उशीसकट.

"आई, हे सगळे घर सोडून चाललेत?"

"नाही गं, फोटो काढायला आलेत."

साडेचारला बाबा चहाचे दोन कप घेऊन आले. मी स्क्रीनवरची नजर न हलवता एक मोठा घोट घेतला आणि पुढच्याच क्षणी मोरीकडे धावले.

"काय झालं?" बाबांनी आपल्या कपातला घोट घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू मिऱ्यांसारखा झाला. "मीठ!"

"बाबा, चाखून तरी बघायचं!"

"चाखायची वेळ कधी आली होती? माझी सगळी माणसं तू नेऊन खिडकीत बसवलीस. मी काय डब्यांची तोंडं हुंगत फिरू?" मग ते खुर्चीत बसले आणि त्यांना हसू आवरेना. "तुझं चित्र नसेल तर या घरात साखर न् मीठ एकच आहे, पोरी."

मी परत येऊन लिहिलं: 'मी चित्रं काढते. ती डब्यांवरून काढून घेतली तर आमच्या घरी चहात मीठ पडतं. आजच पडलं.' पुन्हा वाचलंच नाही. वाचलं असतं तर पुसलं असतं. पाचला सात मिनिटं कमी असताना लिंक पाठवली.

सव्वापाचला फोन वाजला. संपादकबाई आधी बोलल्याच नाहीत, नुसत्या हसत होत्या.

"खरं सांगा, ही साइट कधीपासून आहे?"

"दुपारपासून," मी म्हणाले. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

"वाटलंच. पुस्तक तुम्हीच करताय. सोमवारी या, आणि येताना ते मीठ घेऊन या. चित्र हं, डबा नको!"

फोन ठेवला तर भिंगरीला उचलून गरागरा फिरवावंसं वाटलं, आणि फिरवलंही. बाबांनी नवा चहा टाकला, या खेपेला चाखून. मग आम्ही तिघं फरशीवर बसून चित्रं परत चिकटवायला लागलो. कुठला डबा कुणाचा, ते भिंगरी बोट बुडवून, चाटून सांगत होती. साखरेचा डबा तिला तीनदा तपासावा लागला.

शेवटी एकच डबा उरला. मिठाचं चित्र सोमवारपर्यंत माझ्या पिशवीत राहणार होतं. भिंगरीने त्या कोऱ्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे वळली.

"आई, चित्र नसलं तर मिठाला कसं कळतं की आपण मीठ आहोत?"