लाकडी भिंतीच्या दोन बाजू

दोघा भावांचं फाटलं आणि दिवाणखान्याच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. दोन्हीकडच्या बाकीच्या भिंतींना जुन्या लाकडी फळ्या होत्या. त्यांच्यात ही गिलावा केलेली नवी भिंत पांढरीफटक दिसायची. म्हणून थोरल्या जावेनं रंगारणीला बोलावलं. रंगानं हुबेहूब लाकूड काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

रंगारणीनं आधी फिकट पिवळा रंग दिला. तो वाळल्यावर वर पातळ तपकिरी रंग फासला आणि ओल्यातच रबरी कंगवा ओढत नेला. लाकडाच्या रेषा उमटल्या. मध्येच मनगट जरा फिरवलं की गाठ तयार. थोरली खुर्ची टाकून बघत बसली होती.

हे काम उरकतंय तोवर धाकट्या जावेनं रंगारणीला जिन्यात गाठलं. "आमच्या बाजूनंही करा. पण त्यांच्यापेक्षा गडद."

दुसऱ्या दिवशी पलीकडे काम सुरू झालं. दुपारी रंगारीण पाणी भरायला बाहेर आली, तर थोरली दारातच उभी.

"गडद करतेय ना ती? मग माझी आणखी गडद करा."

"कोळशाच्या वखारीत बसल्यासारखं वाटेल तुम्हाला."

"वाटू दे. आणि तिला म्हणावं, नक्कल करायची तर निदान—"

"वहिनी, मी रंग लावते, निरोप नेत नाही. तिकडचं बघायचंय तर स्वतः जाऊन बघा."

भिंत उभी राहिल्यापासून दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता. थोरली आत गेली, पदर सारखा केला आणि शेजारच्या दारात येऊन उभी राहिली.

धाकटी गडबडली. "या. भिंतीला टेकू नका, ओली आहे."

थोरलीनं भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "ही गाठ फार मोठी झालीय."

"मला पण तसंच वाटलं. पण या बाईंना सांगायचं कुणी?"

"मी इथेच आहे," रंगारीण म्हणाली.

दोघी हसल्या. मग गाठीवरून बराच खल झाला, चहा झाला. गाठ पुसून लहान केली गेली. थोरलीची भिंत होती तशीच राहिली.

संध्याकाळी भाऊ कामावरून आले. दोघांनी आपापल्या भिंती पाहिल्या, बरी झालीय म्हणाले आणि आपापलं दार लावून घेतलं. त्यांचं बोलणं पुढेही सुरू झालं नाही. जावा मात्र दुपारच्या एकमेकींकडे जाऊ लागल्या.