हजेरी लावणारा हत्ती

सत्त्याण्णव साली ग्रंथालयाचे अध्यक्ष उदयसिंहराव मला म्हणाले, "संपतराव, मराठी विभागातून महिन्याला अकरा पुस्तकं बाहेर जातात, त्यातली सहा तुमची बायको नेते. दिवाळीपर्यंत महिन्याची तीनशे करा, नाहीतर या खोलीत कॉम्प्युटर क्लास बसेल."

लहरीपुऱ्याजवळच्या त्या खोलीत मी एकतीस वर्षं काढली होती. कपाटांना कुलूप, किल्ल्या माझ्या कमरेला. वाचकाने यादीच्या कार्डावरचा पुस्तकाचा नंबर सांगायचा, मी पुस्तक काढून द्यायचं. कामाच्या वेळी वाचायला बंदी होती, आणि ती मी घरीही पाळली. तेरा हजार नंबर तोंडपाठ. आत काय आहे ते कधी पाहिलं नाही.

मग आम्हा कर्मचाऱ्यांना वाचक कसे वाढवायचे ते शिकवायला पूर्णिमाबेन आल्या. म्हणाल्या, "वाचकाला नंबर विचारू नका. काय आवडतं ते विचारा, पुस्तक हातात द्या, दोन मिनिटं त्याच्याबद्दल बोला. फक्त शेवट सांगू नका."

"त्याची काळजी नको," मी म्हटलं. मला सुरुवातही ठाऊक नव्हती.

दुसऱ्याच दिवशी फतेगंजच्या इंदिराबाई आल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या.

"काय आवडतं तुम्हाला?" मी विचारलं.

"तब्येत बरी आहे ना, संपतराव?"

मी हाताला आलं ते तपकिरी पुस्तक काढलं आणि तोंड उघडलं. संस्थान विलीन झालं, पण एका सरकारी हत्तीला ते कुणी कळवलंच नाही. तो रोज सकाळी राजवाड्याच्या दरवाज्याशी उभा राहून सोंडेने हजेरी लावतो, उशीर झाला तर रजेचा अर्ज आणतो. एक दिवस त्याच्या बदलीचा हुकूम येतो, आणि...

"आणि काय?"

"ते वाचा."

चार दिवसांनी बाई परत आल्या. "यात हत्ती नाही. सासू आहे आणि विहीर आहे."

"बाइंडिंगवाल्याने घोळ केला असेल. शेजारच्या पुस्तकात बघा."

त्यांनी शेजारचं नेलं. हरवलेल्या हत्तीची बातमी खंडेराव मार्केटात भाजी घेणाऱ्यांत पसरली आणि आठवड्यात खोलीबाहेर रांग लागली. जो तो हत्ती शोधायचा, सापडला नाही की पुढचं पुस्तक न्यायचा. रेल्वेतल्या भास्कररावांनी तर आपण तो लहानपणी वाचून रडल्याची शपथ घेतली.

एका दुपारी इंदिराबाई हळूच म्हणाल्या, "हत्ती नाहीच, हे मला दुसऱ्या पुस्तकालाच कळलं."

"मग रोज येता कशाला?"

"पुस्तकं बरी आहेत. तुमच्यापेक्षा खोटं कमी बोलतात."

दिवाळीच्या आदल्या दिवशी उदयसिंहरावांनी रजिस्टर उघडलं. महिन्याची चारशे बारा पुस्तकं. त्यांनी मिशीवर हात फिरवला.

"क्लास वरच्या मजल्यावर बसवू," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून आवाज हळू केला, "आणि तो हत्ती मला द्या."

मी किल्ल्यांशी चाळा करू लागलो. शेजारच्या बाकावरून, पानातून डोकं वर न काढता, इंदिराबाई म्हणाल्या, "तो माझ्याकडे आहे. बदली रद्द होईपर्यंत मिळायचा नाही."