मुरलेल्या तारा

धाकट्या साडूने भंगारच्या भावात जुनी बेस गिटार आणली आणि ती अशी घुमू लागली की थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. त्याचीही सेकंडहँडच, पण वाजली की डबा बडवल्यासारखी. मेल्याच्या तारा मुरलेल्या आहेत, दुसरं काय! मग मोठेपणाचा आव आणत त्याने धाकट्याच्या गिटारला नव्याकोऱ्या तारा चढवून दिल्या आणि काढलेल्या जुन्या गुपचूप आपल्या गिटारवर बसवल्या. डबा तो डबाच राहिला.

रविवारी धाकटा आला. त्याने थोरल्याची गिटार सहज मांडीवर घेतली आणि वाजवू लागला. थोरला समोर हात चोळत बसला.

स्वयंपाकघरातून बायको कौतुकाने ओरडली, "अहो, आज तुमचा हात काय सुरेख चालतोय!"