निळ्या रंगावरचा भरवसा

मी एक जुनी पिवळ्या कागदाची गुंडाळी आहे. माझा तुकडा फाडून आम्लात बुडवला की तो लाल होतो, अल्कात, म्हणजे सोड्यासारख्या क्षारात, बुडवला की निळा, आणि दोन्ही नसेल तर हिरवा. मित्रांनो, एवढीच माझी विद्या.

कारखान्यात मला रंगाच्या पाण्यातून ओढून वाळवलं आणि छोट्या डबीत बसवलं. तिथून मी आले ती साबणवाल्या काकांच्या हाती. घरामागच्या खोलीत ते तेल आणि क्षार घोटून साबण करत. क्षार जास्त राहिला तर अंगाची सालं निघायची, म्हणून मला विचारल्याशिवाय ते वडी कापत नसत. "हिचा शब्द म्हणजे शब्द," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा माझ्या कागदी अंगावर मूठभर मांस चढे.

मग काकांचं पोट दुखू लागलं. दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा. कोणीतरी त्यांना सांगितलं, की शरीर आंबलं की रोग धरतो, म्हणून अल्कधर्मी खावं. काकांना ते लगेच पटलं. बिघडलेलं मिश्रण सुधारण्यात त्यांची हयात गेली होती, आणि शरीर म्हणजेही तसंच एक पातेलं असं त्यांनी धरलं. अंडी, डाळी, भाकरी बंद झाली. काकडी, पालक आणि लिंबू सुरू झालं. लिंबात मी लालबुंद झाले, पण ते पोटात गेल्यावर बदलतं असं सांगून त्यांनी मला गप्प केलं. रोज सकाळी ते मला न्हाणीघरात नेऊ लागले. तिथे मला कशात बुडवलं ते विचारू नका.

थोड्याच दिवसांत मी निळी झाले. खोटं बोलणं मला येतच नाही, रंग खरोखर निळाच होता. काका हरखून गेले. काकू मात्र त्यांच्या सैल पडलेल्या सदऱ्याकडे बघत राहायच्या.

"अहो, रंग सुधारला म्हणता, पण माणूस कुठे सुधारलाय?" एकदा त्या म्हणाल्या. दवाखान्यात चला म्हणून त्यांनी किती विनवलं, पण काकांनी हसण्यावारी नेलं. उलट माझी हातभर पट्टी फाडून त्यांनी आपल्या ताईंना दिली आणि तसंच खायला सांगितलं. ताईंना रक्तदाबाचा त्रास होता.

आणि एका सकाळी, मला खिशात घालून साबण घोटत असताना काका जमिनीवर कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्यांच्या खिशातून माझी डबी काढली आणि बराच वेळ हातात धरली. खाण्याने लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग बदलतो, त्या म्हणाल्या, कारण मूत्रपिंडं जास्तीचं आम्ल किंवा अल्क बाहेर टाकतात आणि रक्त आपला तोल सांभाळून असतं. शरीराने टाकून दिलेलं काका तपासत बसले होते, आणि जठरातल्या जखमेतून रक्त जात होतं. ते ऐकून मला माझ्याच रंगाची भीती वाटली.

बरं वाटताच काका भिंतीचा आधार घेत ताईंच्या घरी गेले. ताईंचे पाय सुजले होते, पण चेहरा खुललेला होता. त्यांनी माझा तुकडा पुढे केला.

"बघ, माझाही निळा आला. गोळ्या तर मी कधीच सोडल्या."

काका त्यांच्या शेजारी बसले.

"ताई," ते म्हणाले, "मी पडलो त्या सकाळीही निळाच आला होता."

ताईंनी तुकडा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच आपल्या पायांकडे नीट पाहिलं. दोघं तसेच दवाखान्यात गेले. त्यांचं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. ते माझ्या कुठल्याच रंगात दिसत नाही.

मित्रांनो, साबणाचं मला खुशाल विचारा. पण घरातलं कोणी वाळत चाललं असेल, धापा टाकत असेल, तर माझी डबी बंद करा आणि त्या माणसाकडे बघा.