यादीतली दुसरी सॅन्ड्रा

२००८ च्या जूनमध्ये आमच्या प्राचार्यांच्या डोक्यात पोर्टलचं खूळ शिरलं आणि वसईच्या आमच्या कॉलेजात माझ्यासारख्या भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या जिवाला शांतता उरली नाही. नोट्स पोर्टलवर, प्रकल्प पोर्टलवर, गुणही पोर्टलवर. पण पोर्टल चालत नाही अशी तक्रार करायची, तर ती मात्र कागदावर, तीन प्रतींत! त्या छापील फॉर्मवर ‘चूक कोणाची’ असा रकाना होता आणि पुढे दोनच चौकटी: विद्यार्थी आणि यंत्रणा. यंत्रणेवर खूण केली की प्राचार्य केबिनमध्ये बोलावून अर्धा तास झापायचे. म्हणून मी आपली डोळे मिटून विद्यार्थ्यावर खूण करायची.

अर्नाळ्याच्या सॅन्ड्रा लोपीसने तर मला वात आणला होता. “मॅडम, ते माझं नाव घेतच नाय,” हे एकच पालुपद.

“नीट टाइप कर,” मी ओरडायचे. तीनदा तिने फॉर्म आणला, तीनदा मी तिच्यावरच खूण केली. मग जानेवारीत पोर्टलवर सॅन्ड्रा जोसेफ लोपीस या नावाने वटार गावातल्या केळीबागांवरचा प्रकल्प दिसला. म्हटलं, जमलं ना शेवटी? उगाच रडत होती.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी चार वाजता पोर्टल बंद होणार होतं. ज्याचे गुण त्यात नाहीत, त्याला परीक्षेचं हॉल तिकीट नाही. नेमके सकाळी लोडशेडिंगने लाइट गेले, ते अडीचला आले. एकशे चाळीस पोरांचे गुण भरता भरता मी सॅन्ड्राच्या नावावर आले, तर केळी गायब! तिथे अर्नाळ्याच्या सुक्या बोंबलांचा प्रकल्प. माझं डोकंच फिरलं. तिला बोलावणं पाठवलं, तर ती आणखी एका मुलीला घेऊन आली.

“केळी कुठे गेली गं?”

“केळी हिची, मॅडम. ही वटारची.”

“तुझं नाव काय?” मी त्या दुसरीला विचारलं.

“सॅन्ड्रा जोसेफ लोपीस.”

“थट्टा करता का माझी?”

“नाय मॅडम,” अर्नाळ्याची घाईघाईने म्हणाली. “दोघींचं नाव एकच, पप्पांचं पन एकच. माझं खातंच नव्हतं, म्हनून हिनं मला तिचा पासवर्ड दिला. नवीन टाकलं की जुनं पुसतं, हे आम्हांला काय माहीत? माझा प्रकल्प काढा आनि हिचा लावा. हिचं वर्ष नको जायला.”

“आणि हे मला आज सांगतेस?”

“तीनदा आले ना मॅडम. तुम्ही ओरडता.”

मी खण उघडला आणि जूनमधली यादी काढली. ऑफिसने दिलेली ही यादी मीच तपासून पोर्टलसाठी पाठवली होती. त्यात सॅन्ड्रा जोसेफ लोपीस दोन ओळींत होती. दुसऱ्या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ आणि शेजारी माझ्याच अक्षरात ‘दोनदा आलंय’. मी मूळची साताऱ्याची, वसईच्या एव्हरशाईन वसाहतीत राहायला येऊन दोन वर्षं झालेली. इथे एकाच नावाची माणसं गावोगाव, म्हणून नाव सांगितलं की गाव कुठलं ते विचारतात, हे मला रोज कानावर पडूनही कळलं नव्हतं. स्टाफरूममधल्या, मूळच्या इथल्याच फ्लॉसीला नुसतं विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडेतीन वाजले होते. नवं नाव चढवायला प्राचार्यांची सही हवी, आणि सहीसाठी पुन्हा तोच फॉर्म. ‘चूक कोणाची’पुढच्या दोन्ही चौकटी मी खोडल्या आणि शेजारी लिहिलं, ‘माझी. वसुंधरा शिंदे.’

अर्नाळ्याच्या सॅन्ड्राने ते वाकून वाचलं.

“मॅडम,” ती काळजीने म्हणाली, “सर तुम्हांला ओरडतील.”

“ओरडू देत,” मी म्हणाले, आणि तिन्ही प्रती घेऊन जिन्याकडे धावले.