पाणकावळा आणि तिरंदाज

थोनने पाखराच्या पायाची दोरी सोडली व त्यास होडीच्या काठावरून अलगद पाण्यात उतरविले.

तोनले साप या विशाल तळ्याच्या बुडित रानातील पाखरांचे थवे आता कोणत्याही सकाळी निघून जाणार होते. तोवर या पोरक्या पाखराला स्वतःचा मासा स्वतः धरता आला नाही, तर माणसाच्या हाताकडे पाहत तरंगत्या घराच्या कठड्यावरच ते संपणार, हे थोन जाणून होता.

घरट्यांखाली सापडले तेव्हा ते उघडेनागडे होते. भाताच्या मुलखातून सासुरवाडीला नांदायला आलेल्या थोनने त्यास पाणकावळा समजून शिक्षणही पाणकावळ्याचेच दिले. जिवंत मासा फेकायचा, पाखराने त्यामागे धावायचे. ते धावत नसे. मान वाकडी करून स्तब्ध राही. पुढे पांढरी लव फुटली, चोच आकडेदार होण्याऐवजी सुईसारखी सरळ वाढली, तेव्हा सासू सावोन म्हणाली होती की हा पाणकावळा नव्हे, त्याचा चुलतभाऊ तिरंदाज. थोनला ती थट्टाच वाटली. जावई आणि पाखरू, दोघांनाही मासा धरता येत नाही, असे ती घरोघर सांगून आली होती.

आज तीही होडीत होती. भोवती पाणकावळ्यांची टोळी बुड्या मारीत, पाठलाग करीत, आकडेदार चोचींत मासे पकडून वर येत होती. पाखरू मात्र जागच्या जागी खचत गेले. आधी पाठ बुडाली, मग सापासारखी मान, आणि पाणी मिटले.

थोनने वाट पाहिली. मग उडी घेतली.

झाडांच्या सावलीत पाणी निवळ होते. हातभर अंतरावर पाखरू पंख अर्धवट पसरून निश्चल होते, जणू बुडालेली फांदीच. लहान मासे आपण होऊन त्या छायेत शिरत होते. वाकलेली मान एकाएकी प्रत्यंचेसारखी सुटली. मासा मिटल्या चोचीवर आरपार टोचला गेला. थोन वर यायचेच विसरला.

सासूने केस धरून त्याला ओढले.

“बुडालं का रे?”

“नाही.”

“मग डोळे का भरलेत?”

“तळ्याचं पाणी आहे, आई.”

पाखराने मासा हवेत उडविला, डोक्याकडून गिळला, आणि झाडावर जाऊन पंख वाळत घातले. फांदीवरील तिरंदाजांनी किंचित सरकून जागा दिली.

घरी पोचल्यावर सावोनने आढ्यातून आपल्या मृत नवऱ्याचा मासे टोचायचा भाला काढला व जावयाच्या हाती दिला.

“गंज तेवढा काढून घे,” ती म्हणाली.